परदेशात शिकणारे विद्यार्थी: देशोदेशींचे आकडे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या देशाचे किती विद्यार्थी बाहेर शिकतात, याच्या याद्या दरवर्षी निघतात आणि त्यांवरून मोठमोठी विधाने केली जातात. आकडे खोटे नसतात. पण एकाच देशाचे, एकाच वर्षाचे दोन आकडे एकमेकांच्या दुप्पट असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. तुलनेला बसण्याआधी मोजणी कोणी केली, कोणाची केली आणि ती संख्या कशाने भागली, एवढे तरी पाहायलाच हवे.

जगात एकूण किती विद्यार्थी स्वतःच्या देशाबाहेर शिकतात?

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००० साली असे सुमारे २० लाख विद्यार्थी होते. २०२२ पर्यंत ही संख्या ६९ लाखांच्या आसपास पोहोचली. तिपटीहून जास्त वाढ म्हटली की सारे जगच बॅगा भरून निघाले आहे असे वाटते. पण याच काळात जगातल्या एकूण उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्याही सुमारे १० कोटींवरून २५ कोटींच्या पुढे गेली. तेव्हा शंभरात दोन जण बाहेर होते, आज तिघे म्हणता येतील. उरलेले सत्त्याण्णव आपापल्या देशातच शिकतात. परदेशी शिक्षणाच्या चर्चेत हे सत्त्याण्णव जण कुठे दिसतच नाहीत, आणि ते मला खटकते.

सर्वांत जास्त विद्यार्थी कोणत्या देशाचे?

चीनचे, आणि तेही बऱ्याच फरकाने. युनेस्कोच्या मोजणीत चीनचे दहा लाखांहून अधिक विद्यार्थी देशाबाहेर आहेत. दुसरा क्रमांक भारताचा, पाच-सहा लाखांच्या घरात. त्यानंतर एकदम खाली उतरावे लागते. व्हिएतनाम, जर्मनी, उझबेकिस्तान, फ्रान्स, अमेरिका हे सगळे लाख-सव्वा लाखाच्या आसपास आहेत.

या यादीत उझबेकिस्तान पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. कारण मात्र सरळ आहे. २०१६ च्या सुमारास तिथे कॉलेजच्या वयातल्या दहा जणांमागे जेमतेम एकाला देशात जागा मिळत होती. बाकीच्यांपैकी ज्यांना शक्य होते ते रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान अशा जवळच्या देशांत गेले. परदेशी जाणे म्हणजे सुबत्तेची खूण, हा समज या एका उदाहरणाने ढासळतो.

म्हणजे परदेशी शिकण्यात चीन आणि भारत सर्वांत पुढे, असे म्हणायचे का?

नाही. हे देश मोठे आहेत, म्हणून त्यांची संख्या मोठी आहे. चीनमध्ये उच्च शिक्षण घेणारे साडेचार कोटींहून जास्त आहेत. त्यांच्या तुलनेत बाहेर असलेले दहा लाख म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. भारतात २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते, म्हणजे युनेस्कोचा आकडा धरला तर प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास येते. व्हिएतनामचे पाच-सहा टक्के, जर्मनीचे चारच्या जवळपास, अमेरिकेचे एक टक्काही नाही.

आता नेपाळ पाहा. देशातल्या दर पाच विद्यार्थ्यांमागे साधारण एक बाहेर, असे त्याचे प्रमाण आहे. एकूण संख्येच्या यादीत नेपाळ चीनच्या कितीतरी मागे दिसतो; पण वर्गातले किती मित्र बाहेर गेले, हे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना विचारले, तर नेपाळमधला विद्यार्थी कितीतरी जास्त नावे सांगेल. तिथल्या कॉलेजांच्या रिकाम्या बाकांवर, कुटुंबांच्या कर्जांवर, गावातल्या तरुणांच्या संख्येवर त्याचा जो परिणाम होतो, तो चीनमध्ये दोन टक्क्यांनी होत नाही. समाजावर किती भार पडतो हे जाणून घ्यायचे तर प्रमाणच पाहावे लागते. यजमान देशाच्या विद्यापीठांना मात्र एकूण संख्येत रस असतो, कारण त्यांच्या वर्गात बसतात ती माणसे, टक्के नव्हेत. प्रश्न कोणाचा आहे, त्यावर कोणता आकडा घ्यायचा ते ठरते.

काही देशांचे प्रमाण १०० टक्क्यांच्या वर कसे जाते?

हे प्रमाण काढताना देशाबाहेर शिकणाऱ्यांची संख्या वर आणि देशात शिकणाऱ्यांची संख्या खाली मांडतात. बाहेरचे विद्यार्थी खालच्या संख्येत धरलेलेच नसतात. लिख्टेनश्टाइन या युरोपातल्या चिमुकल्या देशाची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. त्याच्या राजधानीत, वाडुझमधल्या विद्यापीठात, मुख्यतः वास्तुशास्त्र आणि व्यवसाय-अर्थशास्त्र शिकवतात. ज्याला डॉक्टर, इंजिनिअर किंवा इतिहासकार व्हायचे आहे, तो स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियाला जाणार, दुसरा मार्गच नाही. त्यामुळे बाहेरचे विद्यार्थी देशातल्या विद्यार्थ्यांहून जास्त होतात आणि प्रमाण शंभर ओलांडते. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या छोट्या अँडोराचीही तीच गोष्ट. शिवाय देशात येऊन शिकणारे परदेशी विद्यार्थी खालच्या संख्येत मोजलेले असतात, ही या भागाकारातली आणखी एक अडचण.

लक्झेम्बर्गचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. श्रीमंत देश, पण २००३ पर्यंत तिथे पूर्ण विद्यापीठच नव्हते. पदवीसाठी बेल्जियम, फ्रान्स किंवा जर्मनी गाठणे हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. विद्यापीठ निघाल्यावरही तो मोडला नाही. आजही तिथले निम्म्याहून कितीतरी जास्त विद्यार्थी देशाबाहेर शिकतात आणि सरकारी शिक्षणसाहाय्य त्यांच्यासोबत सीमेपलीकडे जाते. एवढेच नव्हे, तर लक्झेम्बर्ग विद्यापीठात बॅचलर करणाऱ्यालाही एक सत्र परदेशात काढावे लागते.

आपले किती विद्यार्थी बाहेर आहेत, हे प्रत्येक देश स्वतः मोजतो का?

बहुतेक देश नीट मोजत नाहीत, आणि युनेस्कोची यादी त्यांच्या मोजणीवर उभीही नाही. ती उलट्या बाजूने तयार होते. प्रत्येक यजमान देश आपल्याकडे कोणत्या देशाचे किती विद्यार्थी आहेत ते कळवतो. मग युनेस्कोची सांख्यिकी संस्था एखाद्या देशाच्या नावापुढे जगभरातून आलेल्या संख्या जोडत जाते. म्हणजे नेपाळचा आकडा काठमांडूमध्ये तयार होत नाही. तो ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिका, भारत यांच्या नोंदींची बेरीज असतो.

याचा परिणाम असा, की एखाद्या यजमान देशाने उशिरा आकडे दिले, देशवार फोड दिली नाही किंवा काहीच कळवले नाही, तर तिथे शिकणारे विद्यार्थी बेरजेतून गळतात. ज्या देशांचे विद्यार्थी नोंदी चोख ठेवणाऱ्या श्रीमंत देशांत जातात, त्यांची संख्या पूर्ण दिसते. ज्यांचे विद्यार्थी इतरत्र जातात, त्यांची संख्या कमी दिसते. गरीब देशांवर यात सरळ अन्याय होतो.

भारताचे परदेशातले विद्यार्थी पाच-सहा लाख की तेरा लाख?

दोन्ही. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ साठी १३ लाखांहून अधिक विद्यार्थी दाखवले. त्या यादीत एकट्या कॅनडापुढे ४ लाख २७ हजार होते. कॅनडात स्टडी परमिट ज्याच्याकडे आहे तो विद्यार्थी धरला जातो, मग तो विद्यापीठात असो, खासगी कॉलेजच्या छोट्या कोर्सला असो किंवा शाळेत. युनेस्को फक्त उच्च शिक्षणाच्या मान्य अभ्यासक्रमांत नोंदलेले विद्यार्थी घेते, आणि तिचा आकडा एक-दोन वर्षे मागचाही असतो. यातच बरीचशी तफावत मुरते.

आणखी एक तिसरा आकडा वर्तमानपत्रांत येतो: विमानतळावरच्या इमिग्रेशन नोंदींचा. त्यानुसार २०२२ मध्ये साडेसात लाख, २०२३ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार आणि २०२४ मध्ये साडेसात लाखांच्या थोडे वर भारतीय शिक्षणासाठी बाहेर पडले. ही नोंद प्रवाशाने तोंडी सांगितलेल्या कारणावर किंवा त्याच्या व्हिसाच्या प्रकारावर होते. सुट्टीत घरी येऊन परत निघालेला विद्यार्थीही ‘शिकायला चाललोय’ असेच सांगणार. तेव्हा हा आकडा वर्षभरातल्या प्रस्थानांचा आहे. परदेशात किती विद्यार्थी आहेत, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

‘या वर्षी गेलेले’ आणि ‘सध्या तिथे असलेले’ यांत इतका फरक पडतो?

खूप पडतो. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१९ या एका वर्षात ७ लाख ३ हजार जण शिकायला बाहेर गेल्याचे जाहीर केले होते. एका वर्षाच्या मास्टर्सला जाणारा विद्यार्थी मुक्कामी असलेल्यांच्या मोजणीत एकदाच सापडतो. चार वर्षांच्या पदवीला जाणारा चारदा. त्यामुळे ज्या देशातून मुख्यतः एकवर्षीय मास्टर्सला लोक जातात, त्याचा मुक्कामी आकडा लहान दिसतो, जरी निघणाऱ्यांची रांग लांब असली तरी. एका देशाचा निघणाऱ्यांचा आकडा आणि दुसऱ्याचा मुक्कामी आकडा शेजारी मांडलेला तक्ता दिसला, तर तो सरळ बाजूला ठेवावा.

एका सत्रासाठी किंवा उन्हाळ्यापुरते जाणारे विद्यार्थी यात धरतात का?

युनेस्को आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) धरत नाहीत. त्यांच्या व्याख्येत पदवी मिळवायला गेलेला विद्यार्थी बसतो. स्वतःच्या विद्यापीठात नाव कायम ठेवून काही महिने बाहेर जाऊन आलेला त्यात बसत नाही. अमेरिकेचे चित्र या एका नियमाने पार बदलते. पदवीसाठी बाहेर असलेले अमेरिकन लाखाच्या आसपास. पण २०१८-१९ मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या क्रेडिटसाठी (पदवीत धरल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या एककांसाठी) परदेशात काही काळ शिकून आलेले ३ लाख ४७ हजार होते, आणि त्यांतले बहुतेक एका सत्रापेक्षाही कमी काळासाठी किंवा फार तर एका सत्रासाठी गेलेले. जपानचे २०१८ चे दोन आकडेही असेच आहेत: पदवीसाठी गेलेले मोजले तर साठ हजारांच्या आत, छोटे कार्यक्रम धरले तर १ लाख १५ हजार.

यजमान देशांच्या बाबतीतही हेच घडते. चीनने २०१८ साठी आपल्याकडे ४ लाख ९२ हजार परदेशी विद्यार्थी असल्याचे सांगितले. त्यांतले पदवी अभ्यासक्रमाला असलेले २ लाख ५८ हजार. बाकीचे भाषा शिकायला किंवा थोड्या मुदतीसाठी आलेले.

युरोपचा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा इरास्मस कार्यक्रम १९८७ मध्ये ११ देशांच्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाला आणि त्याने या छोट्या मुक्कामांना मान मिळवून दिला. २००९ मध्ये युरोपीय देशांनी २०२० पर्यंत पदवीधरांपैकी २० टक्के जणांनी परदेशात काही काळ शिकलेले असावे, असे ध्येय ठेवले. हे २० टक्के आणि युनेस्कोचे तीन टक्के एका वाक्यात आणणे चूक आहे, कारण इथे किमान तीन महिने किंवा १५ क्रेडिट पुरतात. सहा महिने परक्या भाषेत राहून आलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव मी हलका मानत नाही. फक्त तो वेगळ्या रकान्यात मांडावा, एवढेच म्हणणे आहे.

एखादा विद्यार्थी ‘परदेशी’ आहे हे ठरते कशावरून?

पासपोर्टवरून, कायमच्या वास्तव्यावरून किंवा बारावीपर्यंतचे शिक्षण जिथे झाले त्या देशावरून. प्रत्येक पद्धतीने उत्तर वेगळे येते.

बर्लिनमध्ये जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली, पण तुर्की पासपोर्ट असलेली मुलगी घ्या. ती बर्लिनच्या विद्यापीठात गेली तर नागरिकत्वाच्या हिशेबाने ती परदेशात शिकणारी तुर्की विद्यार्थिनी ठरते, खरे तर तिने शिकण्यासाठी शहरही बदललेले नाही. जर्मनीने म्हणूनच शालेय शिक्षण जर्मनीत झालेले परदेशी नागरिक आणि बाहेर शिकून आलेले परदेशी नागरिक असे दोन वेगळे गट केले आहेत. ब्रिटनमध्ये कोर्सच्या आधीचे कायमचे वास्तव्य पाहतात. तिथे उलट गंमत होते: दुबईत वाढलेला ब्रिटिश पासपोर्टधारक ‘बाहेरचा’ ठरू शकतो. युनेस्को आता शक्यतो आधीच्या शिक्षणाचा देश धरते, पण ज्यांच्याकडे ती नोंद नाही ते देश नागरिकत्वच कळवतात.

निर्वासितांचा प्रश्न याहून कठीण आहे. तुर्कस्तानातल्या विद्यापीठांत हजारो सीरियन विद्यार्थी आहेत. ते शिक्षणासाठी सीमा ओलांडून आलेले नाहीत, जीव वाचवायला आले आणि मग शिकू लागले. त्यांना हौसेने निवड करून गेलेल्यांसोबत एका बेरजेत टाकणे मला पटत नाही. तरी बऱ्याच तक्त्यांत ते तसेच असतात.

यजमान देश एकाच विद्यार्थ्याला वेगवेगळे कसे मोजतात?

व्हिएतनामची एक विद्यार्थिनी मेलबर्नला गेली असे समजू. आधी पाच महिने इंग्रजीचा कोर्स, मग डिप्लोमा, मग विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ऑस्ट्रेलियाच्या शिक्षण खात्याकडे विद्यार्थ्यांची आणि नोंदणींची मोजणी वेगवेगळी होते. पहिल्या वर्षात ती विद्यार्थी म्हणून एक, पण नोंदणी म्हणून दोन. बातमीत नोंदणींचा आकडा ‘विद्यार्थी’ म्हणून छापला गेला की ती एकटीच दोघी होते. युनेस्कोच्या मोजणीत इंग्रजीच्या कोर्सचे पाच महिने ती नसतेच, डिप्लोमापासून येते.

तीच अमेरिकेला गेली असती तर? पदवी मिळाल्यावरही ती विद्यार्थी व्हिसावरच एक वर्ष नोकरी करू शकते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी दोन वर्षे. या काळात ‘ओपन डोअर्स’ हा अमेरिकेचा वार्षिक अहवाल तिला परदेशी विद्यार्थ्यांत धरतो. २०२३-२४ मध्ये या अहवालात भारताचे ३ लाख ३१ हजार विद्यार्थी होते आणि भारताने २००८-०९ नंतर प्रथमच चीनला मागे टाकले. पण त्यांतले ९७ हजारांहून जास्त जण पदवीनंतरच्या या कामाच्या मुदतीत होते. वर्गात बसणारेच मोजायचे तर संख्या बरीच खाली येते. ही बातमी जिथे जिथे छापली, तिथे हे एक वाक्य सोबत असायला हवे होते.

मग दोन देशांची तुलना नीट कशी करायची?

एकच स्रोत, एकच वर्ष आणि एकच पातळी घ्या. पदवीपूर्व आणि पीएचडी एकत्र करू नका. एकूण संख्या आणि प्रमाण दोन्ही शेजारी ठेवा. त्यानंतर विद्यार्थी जातात कुठे ते पाहा. दहा देशांत विखुरलेले दहा हजार आणि एकाच शेजारी देशात गेलेले दहा हजार यांची कहाणी वेगळी असते. देशाच्या सरकारचा आकडा युनेस्कोच्या आकड्यापेक्षा मोठा दिसला तर लगेच कोणाला खोटे ठरवू नका, आधी दोघांनी कोणाला मोजले ते वाचा. तळटीप न देणारा तक्ता कितीही देखणा असला तरी वापरू नका.

काही देशांतून इतके जास्त विद्यार्थी का जातात?

जागा नसणे हे सर्वांत मोठे कारण, आणि ते श्रीमंत देशांतही असते. जर्मनीत मेडिकल आणि मानसशास्त्राच्या जागा गुणांवर इतक्या घट्ट बांधलेल्या आहेत, की अनेक जण भाषा तीच असलेल्या ऑस्ट्रियात किंवा शेजारच्या नेदरलँड्समध्ये जातात. हा लोंढा इतका वाढला, की ऑस्ट्रियाने २००६ मध्ये मेडिकलच्या ७५ टक्के जागा आपल्याकडे शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी राखल्या.

दुसरे कारण भाषा. स्लोव्हाकियाचे वीस हजारांहून अधिक विद्यार्थी चेकियात शिकतात. दोन्ही भाषा एकमेकींना कळतात, चेक भाषेतल्या सरकारी अभ्यासक्रमांना फी नाही, आणि प्राग रेल्वेने काही तासांवर. याला परदेश म्हणायचे ते सीमारेषा आहे म्हणून.

तिसरे कारण सरकारी पैसा, आणि तो थांबला की आकडा तितक्याच वेगाने घसरतो. सौदी अरेबियाने २००५ मध्ये मोठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. २०१५-१६ मध्ये अमेरिकेत ६१ हजार सौदी विद्यार्थी होते. २०१६ मध्ये अटी कडक झाल्या आणि २०१८-१९ पर्यंत ते ३७ हजारांवर आले.

एखाद्या देशाचा आकडा घटला म्हणजे तिथल्या तरुणांची इच्छा कमी झाली का?

क्वचितच. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये आपले २ लाख ६० हजारांवर विद्यार्थी परदेशात मोजले होते. पुढच्या दशकात ते निम्म्यावर आले. याचे एक कारण म्हणजे तिथे जन्मच कमी झाले आहेत. २००२ पासून वर्षाला पाच लाखही मुले जन्मली नाहीत, त्यामुळे कॉलेजच्या वयाला पोहोचणारेच घटले. ब्रिटनमध्ये युरोपीय संघाचे विद्यार्थी २०२०-२१ मधल्या सुमारे १ लाख ५३ हजारांवरून पुढच्याच वर्षी १ लाख २० हजारांवर आले, कारण ब्रेक्झिटनंतर त्यांना स्थानिकांच्या दराने फी भरण्याची सवलत उरली नाही. इच्छा तीच होती, खर्च बदलला.

स्वतःच्या देशात बसून परदेशी विद्यापीठाची पदवी घेणारे?

ते या आकड्यांत येत नाहीत. मलेशियात मोनॅश विद्यापीठाचे कॅम्पस १९९८ पासून आणि नॉटिंगहॅमचे २००० पासून आहे; तिथे शिकणारा मलेशियन विद्यार्थी मलेशियातच मोजला जातो. ब्रिटिश विद्यापीठांच्या पदव्यांसाठी ब्रिटनबाहेर शिकणारे पाच लाखांहून अधिक आहेत.

महासाथीच्या काळात मात्र उलटे झाले. २०२०-२१ मध्ये ‘ओपन डोअर्स’ने ९ लाख १४ हजार परदेशी विद्यार्थी मोजले, आणि त्यांत आपल्याच देशात राहून ऑनलाइन वर्गाला बसणारेही होते. त्या वर्षीच्या आकड्यांची इतर वर्षांशी तुलना करताना हे विसरू नये.

ताजे आकडे नेहमी दीड-दोन वर्षे जुने का असतात?

शैक्षणिक वर्ष संपल्याशिवाय विद्यापीठांची नोंद पक्की होत नाही. अमेरिकेचा अहवाल नोव्हेंबरमध्ये येतो तो आदल्या शैक्षणिक वर्षाचा. युनेस्कोला तर सगळ्या यजमान देशांची वाट पाहावी लागते, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांचे शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होते, तर युरोप-अमेरिकेचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यामुळे कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर जी मर्यादा आणली, तिचा पूर्ण परिणाम जागतिक तक्त्यांत दिसायला वेळ लागतो. तोपर्यंत व्हिसा आणि परमिट देणाऱ्या खात्यांचे मासिक आकडे पाहावेत. ते कच्चे असतात, पण दिशा लवकर कळते.